हौसाचे ओठ

आमच्या हौसाला वळण म्हणून नाही. नात माझीच, पण ऐकेल तर शपथ. जन्मापासून तिच्या काळजाला भोक होतं. ओठ निळे, दहा पावलं चालली की उकिडवी बसायची. मी तिला आळशी म्हणायची. फाल्गुनात मुंबईच्या डॉक्टरांनी छाती उघडून भोक शिवलं, तेव्हा ते ओठ पहिल्यांदा तांबडे झाले. ज्येष्ठात एकदा पोरगी दुपारभर दिसेना. दिवेलागणीला दारात आली ती पुन्हा निळे ओठ घेऊन. “टाकं उसवलं, आत्याबाई,” म्हणत सून तिच्याकडं धावली. रक्त यावं म्हणून मी ओल्या पदरानं ओठ चोळले, तर निळं पदराला लागलं. सटवीनं रिहे गावाच्या वाटेवरल्या गेणबाच्या झाडावर चढून जांभळं खाल्ली होती. मी तिचा कान धरला. “चढलीस ते झ्याक केलंस. पण चोरी केल्यावर तोंड पुसून घरी येत जा गं, भवाने.”