दामूचा दगड

म्युझियममधलं तलवारींचं दालन संपलं आणि आप्पासाहेब जागीच थांबले. कोपऱ्यात काळा दगड उभा होता. वरचा कोपरा उडालेला. अक्षरं मात्र स्पष्ट: ‘नामांतराच्या लढ्यातला हुतात्मा दामोदर.’

हा इथं कसा? त्यांनी तर तो स्वतःच्या विहिरीत लोटला होता. चाळीस वर्षं झाली.

दामू त्यांच्या वर्गातला. एका पाटीवर दोघं बेरजा शिकलेले. नामांतराच्या दंगलीत तो मारला गेला. त्याच्या आईनं, लीलाबाईनं, मोलमजुरी करून गावच्या वेशीवर हा दगड बसवला. मोठ्या घरांना तो खुपला. भावकीनं काम आप्पासाहेबांच्या गळ्यात घातलं, अन् त्यांना नाय म्हणवलं नाही. बाजारच्या दिवशी गाव रिकामं बघून त्यांनी गाडी जुंपली.

दुसऱ्या दिवशी लीलाबाई दारात आली. “आप्पासाहेब, माझ्या लेकराचा दगड दिसला का कुठं?”

“नाय,” ते म्हणाले.

पुढं मरेपर्यंत ती त्या मोकळ्या जागेवर रोज सांजेला दिवा लावायची. आप्पासाहेब शेतातून येताना वाट वाकडी करायचे.

“काय बघताय एवढं?” मागून त्यांच्या पत्नी भागूबाई आल्या. आप्पासाहेब सहा वर्षांपासून शहरात, मुकुंदवाडीत लेकाकडं होते. भागूबाई गावचं शेत सांभाळून येऊनजाऊन असायच्या. आज म्युझियमचा हट्ट त्यांचाच.

आप्पासाहेब दगडापुढं आडवे उभे राहिले. बरं झालं, हिला वाचता येत नाय.

“काय लिव्हलंय त्यावर?”

सांगून टाकावं, असं अगदी ओठांवर आलं. लीलाबाई गेली, भावकीतले गेले. आता भ्यायचं तरी कुणाला? पण बायकोच्या तोंडाकडं बघितलं अन् जीभ उचलेना.

“निजामाच्या काळातला हाय. मैलाचा दगड.”

“नक्की?”

“व्हय. चल, लई उशीर झाला.”

भागूबाई हलल्या नाहीत.

तेवढ्यात म्युझियमची सोनिया चाव्यांचा जुडगा घेऊन आली आणि भागूबाईंना बघून हसली.

“आजी, आलात का परत? विहिरीचा गाळ काढताना सापडला म्हणून हा दगड आणून दिलात, तेव्हा म्हणाला होतात, एका माणसाला इथं उभं करून त्याच्या तोंडून ऐकायचंय. हेच का ते?”