मनगटावरची तुळस

निलंग्याच्या विहारात लावायला मनिषानं मेण चढवलेल्या तांब्याच्या पत्र्यावर आईचं, पार्वतीबाईंचं, चित्र सुईनं कोरलं होतं. डोक्यामागे प्रभावळीसारखं बोधिवृक्षाचं पान होतं. पत्रा तेजाबात सोडला, की कोरलेल्या रेघा तेवढ्या तांब्यात उतरणार होत्या. ऐंशीच्या घरातल्या पार्वतीबाईंनी तो डोळ्यांजवळ धरला. “मनगटावरचं कुठं गेलं?” “माय, विहारात तो डाग कशाला?” “डाग न्हाई गं, तुळस हाय. लहानपणी मायनं गोंदवली. मग आम्ही बौद्ध झालो, तवा बापानं बिब्बा लावून जाळली. मला धरून सोताबी रडला. हात महिनाभर उतला व्हता. पान काढलंस, तर तीबी काढ.” मनिषानं चित्रातल्या मनगटावर तुळस कोरली, तिच्यावर आडव्यातिडव्या रेघा ओढल्या आणि पत्रा तेजाबात सोडला. मनगटापाशी बुडबुडे उठू लागले. पत्र्यावरची नजर न काढता पार्वतीबाई स्वतःच्या मनगटावर हळूहळू फुंकर घालू लागल्या.