खाटेवरची बाई

आईच्या हातात आता तीन-चार महिनेच आहेत, हे डॉक्टरांनी फक्त अप्पांना आणि योगिनीला सांगितलं होतं. आईपुढे घरात ‘अल्सर’ हाच शब्द चालायचा. अप्पा तिच्यासमोर थट्टामस्करी करायचे आणि मागच्या पडवीत जाऊन डोळे पुसायचे.

चित्रकला शिकणाऱ्या योगिनीला हे सोसेना, म्हणून तिने ते कॅनव्हासवर काढलं. खाटेवर एक आजारी बाई, भोवती कोकणातल्या नमन या लोकनाट्यातल्या खेळ्यांसारखे हसरे मुखवटे चढवलेली घरची माणसं आणि उशाशी बसलेला मृत्यू. मुखवटा फक्त दोघांना नव्हता, मृत्यूला आणि त्या बाईला.

सरांनी ते चित्र रत्नागिरीतल्या प्रदर्शनात लावलं, आणि आई हट्टाने अप्पांना घेऊन मिऱ्याहून रिक्षा करून बघायला आली. योगिनीने तिला समुद्राच्या चित्रांपाशी रमवायचा प्रयत्न केला, पण “तुझं कुठलं गो?” असं विचारत ती नेमकी तिथेच जाऊन उभी राहिली.

“हा उशाशी कोण बसलाय?”

“कोणी नाही गं. असंच, मनातलं काहीतरी.”

“चल, रिक्षावाला खोळंबलाय,” अप्पा घाईघाईने म्हणाले आणि बाहेर पडले.

आई हलली नाही. अप्पा दाराबाहेर गेल्याची खात्री करून तिने योगिनीचा हात हातात घेतला.



“त्या बाईलाही एक मुखवटा काढायला हवा होतास, बाय. पण तुझ्या अप्पांना यातलं काही कळू देऊ नको.”