चिकटवलेलं पान

"सर, कादंबरीत बाप दार लावून घेतो," धनेश म्हणाला. "तोच शेवट खरा हाय."

"पण नाटकात तो तिला थांबवतो," अवधूत सर म्हणाले.

वाचनालयाच्या वरच्या मजल्यावर तालीम चालली होती. शुक्रवार, यंत्रमागांच्या सुट्टीचा दिवस, म्हणून आजूबाजूचे लूम बंद. एरवी इथे माणसाला स्वतःचा आवाज ऐकू येत नाही. वाचनालयाच्या वर्धापनदिनाला जुनं नाटक करायची कल्पना सरांची. कपाटातून नाटकाची हस्तलिखित वही शोधून काढली तीही त्यांनीच, आणि बापाचं काम दुसऱ्या कोणाला द्यायचं नाही हा हट्टही त्यांचाच. दिग्दर्शक धनेश जवळच्या शेलार गावचा, शाळेत सरांच्या हाताखाली शिकलेला. त्यामुळे सरांशी वाद घालायचा तरी तो उभा राहून घालायचा.

दीडशे वर्षांपूर्वीची ती कादंबरी. सासरी मार खाऊन मुलगी तिन्हीसांजेला माहेरी येते. चार लोक काय म्हणतील म्हणून बाप तिला दारातूनच परत पाठवतो, आणि सकाळी ती विहिरीत सापडते. लोकांनी ती घरोघरी वाचली, हुंदके देत वाचली. मग एका कंपनीने तिचं नाटक केलं आणि तिथे मात्र गडबड झाली. पुस्तक वाचून रडणारे लोक नाटकगृहात खवळले. बापाचं काम करणाऱ्या नटाला चपला बसल्या. म्हणून वहीत शेवटच्या प्रवेशावर काट मारलेली आहे आणि त्यावर खळीने दुसरं पान चिकटवलेलं. समासात कंपनीच्या मालकाची सूचना आहे : 'बाप शिव्या खातो. पुढील खेळापासून मुलीस ठेवून घेणे.'

"म्हणजे मालकानी खेळ चालावा म्हणून शेवट बदलला," धनेश म्हणाला. "तवा लोकांना सहन झाला न्हाय. आता होतं सर. रोज पेपरात वाचतात नि पान उलटतात."

"मला होत नाही," सर म्हणाले.

मुलीचं काम करणारी भाविका खाली बघायला लागली. सरांची मुलगी आसावरी दोन वर्षांपूर्वी बॅग घेऊन माहेरी आली होती आणि तिसऱ्या दिवशी सरांनीच तिला समजूत घालून एसटीत बसवून दिलं होतं, हे गावात कोणाला ठाऊक नव्हतं? त्याच महिन्यात पोलिसांचा फोन आला. मग सर तिला आणायला गेले, ते शववाहिनी घेऊन.

"बरं, सर. चिकटवलेलं पान करू," धनेश हळूच म्हणाला.

सरांचं लक्ष जिन्याकडे होतं. सरलाताईंना, म्हणजे बायकोला, त्यांनी आज मुद्दाम बोलावलं होतं. गोळी घेतलीत का, दूध आलं का, एवढंच बोलणं आता दोघांत उरलं होतं. सरांनी दोनतीनदा माफी मागायला तोंड उघडलं. दर वेळी त्या उठून स्वयंपाकघरात गेल्या. घरात जे बोलता येत नाही ते इथे बोलता येईल, आणि इथून ती उठून जाणार नाही, अशी त्यांची आशा. जन्मभर मुलांना शहाणपण शिकवलेला माणूस, पण आशा किती भाबडी बघा.

सरलाताई आल्या आणि अगदी मागच्या खुर्चीवर बसल्या.

"काकू, पंखा लावू?" भाविकाने विचारलं. त्यांनी मानेनेच नको म्हटलं.

प्रवेश सुरू झाला. दोन खुर्च्या मांडून दार केलं होतं. भाविका त्यांच्या पलीकडे उभी राहिली. "बाबा, मी आले," ती म्हणाली.

सर दोन पावलं पुढे झाले. त्यांचं पाठांतर चोख होतं. "आत ये, बाळ. लोकांना काय बोलायचं ते बोलू दे. हे घर तुझं आहे. तू आता परत जायचं नाहीस."

शेवटच्या वाक्याला त्यांचा आवाज फुटला. त्यांनी भाविकाच्या डोक्यावर हात ठेवला. वहीत तसं काही लिहिलेलं नव्हतं. भाविका खरोखरच रडायला लागली, आणि धनेशने तोंड खिडकीकडे फिरवलं.

"हाच शेवट, सर," तो म्हणाला. "मीच चुकलो."

सरांनी ते ऐकलंच नाही. ते मागच्या खुर्चीकडे बघत होते, परीक्षेचा निकाल ऐकायला उभ्या राहिलेल्या पोरासारखे. सरलाताई उठल्या. सावकाश चालत पुढे आल्या. आधी त्यांनी पदराने भाविकाचे डोळे पुसले, तिचे केस नीट केले. मग नवऱ्याकडे वळल्या. रागाने बोलल्या असत्या तरी सरांना बरं वाटलं असतं. पण त्यांचा आवाज जराही चढला नाही.

"म्हणता येत होतं की तुम्हाला," त्या म्हणाल्या.