एकाच पिंपातला रंग

“काका, तुमचा रंग पाण्यासारखा पातळ, मग भाव आमच्या दुकानाइतकाच कसा हो?”

एका दमात विचारून टाकलं तिने. मैत्रिणींनी पैज लावली होती, आणि पैजेतून मागे हटेल ती वकीलबाई कसली. हे नाव वर्गाने तिला याच वर्षी दिलं होतं आणि ती ते नव्या चपलांसारखं मिरवत होती. मैत्रिणी बाहेर फुटपाथवर तोंड दाबून हसत होत्या. आत, काकांची मुलगी खाली मान घालून रंगाच्या डब्यांची झाकणं ठोकून बसवत होती. तीही त्याच वर्गातली. तिला सगळे ‘पाणचट’ म्हणायचे. ते नाव वकीलबाईंनीच ठेवलेलं, भर वर्गात.

का ठेवू नये? रस्त्याच्या दोन बाजूंना रंगाची दोन दुकानं. या बाजूने तिचे बाबा गिऱ्हाइकाला सांगायचे, “त्याचा रंग नेऊ नका, एकदा फडकं मारलं की भिंत उघडी पडते.” त्या बाजूने काका ओरडायचे, “यांचा न्या, पोपडे फुकट.” दोघांच्या भांडणावर अख्खा रस्ता करमणूक करून घ्यायचा. बाबांची बाजू तिने शाळेत लढवली, एवढंच.

काका चिडले नाहीत. दुकानात दुसरं कुणी नाही हे बघून घेतलं आणि हळूच हसले. “छान करतेस गं नाटक. अगदी बाबांवर गेलीस.”

“कसलं नाटक?”

काकांचं हसू मावळलं. “घरी सांगितलं नाही तुला? अगं, दोघांचा रंग एकाच पिंपातला. डबे तेवढे वेगळे. भावही आम्ही दोघं बसूनच ठरवतो. खरं भांडलो तर भाव उतरेल आणि दोघंही बुडू. म्हणून तोंडाने भांडायचं, भावाने नाही. गिऱ्हाईक त्याच्यावर रुसलं की माझ्याकडे येतं, माझ्यावर रुसलं की त्याच्याकडे जातं. तिसरीकडे जात नाही.”

तिने मुलीकडे पाहिलं. “हिला माहीत होतं?”

“होतं,” मुलगीच म्हणाली. हातोडी थांबली नाही. “पण बाहेर बोलायचं नाही, असं ठरलंय ना.”

एक वाक्य. ‘रंग एकाच पिंपातला’ हे एक वाक्य ती मुलगी वर्गात बोलली असती, तर वकिली तिथेच आटोपली असती. नाव सोसत ती वर्षभर गप्प बसली. दोन्ही दुकानांसाठी. म्हणजे वकीलबाईंच्या दुकानासाठीसुद्धा.

बाहेर मैत्रिणींनी गराडा घातला. “विचारलंस? काय म्हणाले?”

“काही नाही. हाकललं,” ती म्हणाली, आणि स्वतःचं खोटं ऐकून तिचे कान तापले. मैत्रिणी खिदळल्या. त्यातल्याच एकीच्या घराला नुकताच बाबांचा रंग लागला होता. महाग पडला, पण समोरच्यासारखा भेसळीचा तरी नाही, असं तिची आई समाधानाने म्हणाली होती.

जेवताना तिने ताटाला हात लावला नाही. काकांनी सांगितलेलं सगळं आईबाबांपुढे मांडलं. वाटलं होतं, बाबा म्हणतील, थापा मारतोय तो. बाबांनी हातातला घास खाली ठेवला.

“व्यवहार आहे तो, बाळा. आपलं घर त्यावरच चालतं.”

“आणि मी तिला जे नाव ठेवलं ते?”

“मग माफी माग की,” आई म्हणाली. “बाजूला घेऊन, हळूच.”

“नाव भर वर्गात ठेवलं, आई. माफी कोपऱ्यात कशी मागू?” तिने ताट बाजूला सारलं. “उद्या सगळ्यांसमोर मागणार आहे. सगळे विचारतील, आज एकदम काय झालं? आणि बाबा, मी कारण सांगणार आहे.”