सैपाक कोण करतं?

“सैपाक कोण करतं तुमच्याकडं?” धोंडाबाईनं फोनात ओरडून विचारलं. समुद्र लांब, म्हणजे आवाजही मोठा लागणार, असा तिचा हिशेब.

“माझी सून करते, मावशी. घरचं, गरमागरम.” काशीदच्या माणसाचा आवाज गोड होता.

“आन् सैपाकघर आमाला वापराया मिळंल का?”

“त्याची गरजच काय? सून आहे ना.”

“न्हाई जमायचं.” तिनं फोन मुलाच्या हातात कोंबला. “दुसरं गाव बघ.”

निलेशनं कपाळाला हात लावला. सकाळपासून हेच चाललं होतं. एप्रिलच्या उन्हात लोहगडवाडी भाजून निघाली होती, गडावर कुणी चढत नव्हतं. वर्षात एवढेच दिवस त्यांचे स्वतःचे. एरवी शनिवार-रविवार अंगणभर माणसं. शांतता पाहिजे म्हणून लांबून येणार आणि गाडीची दारं उघडी टाकून गाणी लावणार. घाण इथंच टाकणार आणि वर म्हणणार, किती नशीबवान आहात हो तुम्ही! तर या नशीबवानांनी जन्मात पहिल्यांदा सुट्टी घ्यायची ठरवली होती. समुद्राकाठचं गाव पाहिजे, पण शांत. निलेशची अट एवढीच.

त्याच्या आईची अट वेगळीच निघाली.

चुलीपुढं अनिता भाकरी थापत होती. निलेशची बायको. आठ वर्षं गडावर येणाऱ्यांना तिच्याच हातच्या भाकऱ्या मिळत होत्या. बाहेरच्या पाटीवर मात्र ‘धोंडाबाईंची चुलीवरची भाकरी’ असं लिहिलेलं. तिचं नाव पाटीवर नव्हतं आणि घरातही नव्हतं. सासूसाठी ती ‘अगं’ होती. पाहुणे गेले, भांडी झाली, की उरलेली गार भाकरी तिच्या वाट्याला. या सुट्टीकडं तिनं एकच गोष्ट मागितली होती, तीही नवऱ्याच्या कानात. “मला एकदा कुणीतरी गरम वाढलेलं खायचंय. बसून.”

आणि सासू सैपाकघर मागत होती.

का मागते ते अनिताला ठाऊक होतं. धोंडाबाईला परक्याच्या हातचं चालत नाही. भाच्याच्या लग्नातसुद्धा ती फडक्यात भाकरी बांधून घेऊन गेली होती. म्हणजे समुद्रावर जाऊन पुन्हा चूलच.

“तितंबी भाकऱ्याच थापायच्या का मी?” ती निलेशला हळूच म्हणाली.

“आईपुरत्या दोन टाक. त्यात काय एवढं?”

त्यात काय एवढं, असं म्हणणाऱ्यांनी जन्मात एक भाकरी उलटलेली नसते.

दिवेआगर गेलं. गुहागर गेलं. सगळीकडं एकच उत्तर, सून करते. धोंडाबाईचंही एकच, न्हाई जमायचं. शेवटी केळशीला फोन लागला. रतनबाई नावाची बाई बोलत होती.

“स्वयंपाक? प्रतीक्षा करते. माझी सून.”

धोंडाबाई थबकली. “काय म्हणलात?”

“प्रतीक्षा. सकाळपासून जुंपलेली असते बिचारी. तुम्हाला स्वतः करायचं असेल तर परसात चूल आहे. तिला तेवढाच विसावा.”

“ठरलं. येतो आमी.”

निलेश-अनिताच्या छोट्या लेकीनं, प्रेरणानं, उड्या मारल्या. निलेशला हायसं वाटलं. अनिता उठली आणि न्यायचं पीठ पिशवीत भरायला लागली. राग काढणार कुणावर? तिनं माप असं आपटलं की अर्धं पीठ जमिनीवर सांडलं.

“किती घेतलंस गं?” सासूनं विचारलं.

“आपल्या चौघांचं.”

“सा जणांचं घे. ती रतनबाई आन् तिची सूनबी जेवतील.”

अनिताचे हात थांबले. आठ वर्षांत ती सासूला उलटून बोलली नव्हती. आता बोलली.

“म्हंजी त्यांच्याबी मीच थापू का, आत्या? सुट्टी कुणाची हाय ही?”

“तुझी,” धोंडाबाई म्हणाली. “थापणार मी.”

निलेश हसला. “आये, तितं आपण पाव्हणं. त्यांची सून करील की.”

“हिला सुट्टी द्यायची म्हणून दुसऱ्याची सून चुलीपुढं बसवू व्हय रं? अक्कल कुटं ठेवलीस? दोघी सुना पानावर बसतील. मी गरम गरम वाढीन. आन् तू भांडी घासायची. तितं वाळू लय आसती.”

निलेशचं हसू मावळलं. प्रेरणाला मात्र हसू आवरेना.

धोंडाबाई खाली बसली. सांडलेलं पीठ तळहातानं गोळा करत, सुनेकडं न बघता बोलली.

“भाकरी कुणी केली म्हणून पाव्हण्यांनी इचारलं की मी काय सांगती? सून करती. आज ज्यानं त्यानं फोनात तेच सांगितलं. माझंच बोलणं माझ्या कानावर येत हुतं. लय वंगाळ वाटलं. त्या एकलीनं तेवढं सुनेचं नाव घेतलं.”

‘थँक यू’ अनितानं या अंगणात हजारदा ऐकलं होतं, पण ते कायम पुढं उभ्या असलेल्या सासूच्या वाट्याला जायचं. ते कुणाला कसं म्हणतात हे तिला कधी कळलंच नव्हतं. तिनं सासूचा पिठानं भरलेला हात फक्त धरला.

धोंडाबाईनं तो सोडवून घेतला, चुलीत लाकूड सारलं आणि परात स्वतःकडं ओढली. परातीत अजून पीठ उरलं होतं.

“केळशीची वाट कशाला बघायची? बस पाटावर, अनिता.”