हेस्टविकात कुणी आजारी नाही

फेरीबोट वळणावर दिसायला लागली तरी डॉक्टर हेडविग होय की नाही ते सांगेना. धक्क्यावर बॅग ठेवून ती फ्योर्डच्या, डोंगरांत शिरलेल्या खाडीच्या, पाण्याकडे बघत उभी होती. गावचा कारभारी हाल्वोर याचा जीव टांगणीला लागला होता. नेमणुकीचा कागद त्याच्या कोटाच्या खिशात होता, आणि तो बाहेर काढायची त्याची छाती होत नव्हती.

हेस्टविकला दोन वर्षं डॉक्टर नव्हता. मागच्या वसंतात ओस्लोहून एक उमेदवार आला होता, तर अख्खं गाव त्याच्यावर तुटून पडलं. दुकानात पाव घेताना एकानं पँट वर करून गुडघा दाखवला, चर्चच्या दारात एकीनं जीभ बाहेर काढली. बिचारा दुसऱ्या दिवशीच्या बोटीनं पळाला. म्हणून या वेळी हाल्वोरनं गावच्या सभागृहात सगळ्यांना बसवून दम भरला होता.

"तीन दिवस कुणी दुखण्याचा ब्र काढायचा नाही. धबधबा दाखवा, सफरचंदांचा बहर दाखवा. एकदा सही होऊ दे, मग काय कण्हायचं ते कण्हा."

"आणि खोकला आला तर?" पेदर म्हाताऱ्यानं विचारलं.

"गिळ."

गावानं ऐकलं. गावं एरवी कुणाचं ऐकत नाहीत, पण भीती शहाणपण शिकवते. पेदरनं आपली काठी होडीत लपवली आणि दात आवळून डॉक्टरबरोबर धबधब्यापर्यंत चढून गेला. दुकानवाल्या सिगनेनं, मधुमेह असून, जॅम घालून दोन वॉफल हसत हसत संपवली.

सगळ्यात मोठी थाप मात्र हाल्वोरच्याच घरात होती. पाहुण्याला उतरवण्याजोगी खोली गावात त्याच्याचकडे. "बायको बहिणीकडे गेलीय," असं त्यानं पहिल्याच दिवशी सांगून टाकलं. मारित वर माडीवर होती. तिचं हृदय थकलं होतं. पाय सुजत, आडवं पडलं की दम कोंडे, म्हणून ती खुर्चीतच बसून झोपायची. फेब्रुवारीत बर्फानं खिंड बंद झाली आणि वादळानं बोट बंद झाली, तेव्हा दोन दिवस हाल्वोर तिला छातीशी धरून बसला होता. डॉक्टरवाचून तसा आणखी एक हिवाळा ती काढणार नाही, हे दोघांनाही माहीत होतं.

"डॉक्टर राहायला हवी ना?" मारितच म्हणाली होती. "मग तीन दिवस मी नाहीच असं समज."

ती वर उशीत तोंड खुपसून खोकायची, आणि हा खाली रेडिओ मोठा करायचा. काल डॉक्टरनं विचारलंसुद्धा, "तुम्हाला ऐकू कमी येतं का?" त्यावर त्यानं ठणठणीत असल्याची ग्वाही दिली होती.

"हाल्वोर," हेडविग अखेर म्हणाली, "इतकी देखणी जागा मी आयुष्यात पाहिली नाही."

"मग करायची सही?"

"नाही. मी येणार नाही."

"का? तुम्हाला देऊ केलेलं घर लहान पडतंय का? दुसरं देऊ की!"

"घराचं नाही हो. उत्तरेकडच्या एका बेटानंही मला बोलावलंय. तिथं माणसं खरंच आजारी आहेत. इथं तीन दिवसांत मी साधी शिंक ऐकली नाही. ऐंशीचे म्हातारे माझ्यापुढे डोंगर चढतात. मी इथं बसून फुलं मोजू का? सुट्टीला मात्र येईन. दरवर्षी येईन."

बोट धक्क्याला लागली. गाड्या उतरायला लागल्या. हेडविगनं बॅग उचलली. खरं सांगावं तर ती चिडून जाणार, न सांगावं तर हसत जाणार, पण जाणार हे नक्की. हाल्वोरनं बॅगेचा पट्टा धरला.

"माझी बायको बहिणीकडे गेलेली नाही. वर माडीवर आहे. तीन दिवस उशीत तोंड घालून खोकतेय, तुम्हाला ऐकू जाऊ नये म्हणून."

"म्हणजे तो रेडिओ..."

"त्याचसाठी."

"आणि बाकीचे?"

हाल्वोरनं नुसतं मागे पाहिलं. पेदर होडीत वाकून आपली काठी शोधत होता.

"अक्कल गहाण ठेवलीत का रे सगळ्यांनी?" ती ओरडली, आणि बॅग घेऊन घराच्या दिशेनं अशी निघाली की हाल्वोरला मागे पळावं लागलं.

मारित खुर्चीत ताठ बसली होती. पावलं वाजली तशी तिनं घाईघाईनं उशी तोंडावर धरली होती. हेडविगनं ती काढून घेतली. घोट्यावर अंगठा दाबला, खड्डा पडला तो तसाच राहिला. मग पाठीला नळी लावून ती खूप वेळ ऐकत राहिली. खाली बोटीचा भोंगा झाला.

"डॉक्टर," हाल्वोर दारातून चाचरत म्हणाला, "बोट..."

तिनं हातानंच त्याला गप्प केलं. भोंगा पुन्हा वाजला. इंजिनाचा आवाज हळूहळू लांब गेला.

"किती दिवस झाले असं बसून झोपताय?" तिनं विचारलं.

डॉक्टरच्या खांद्यावरून मारित भेदरून हाल्वोरकडे बघत होती. सांगू का? सही झाली का?

हेडविगनं तिची हनुवटी धरून चेहरा आपल्याकडे वळवला.

"त्यांच्याकडे काय बघता? तुमची डॉक्टर मी आहे."